परदेशप्रवासातील बट्टा आणि हुंडणावळ

नाणेबदलीच्या पेढीवर ‘कमिशन नाही’ अशी ठळक अक्षरांची पाटी झळकताना दिसली की प्रवाशाने हर्षित होण्याऐवजी थोडे सावध व्हावे, असे मी म्हणतो, त्यात त्या पेढीवाल्यावर लबाडीचा आरोप करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तो जागेचे भाडे भरतो, नोकरचाकर ठेवतो, परकीय नोटांचा साठा करून त्यांच्या किमतीतील चढउताराची जोखीम पत्करतो. हा सर्व खर्च आणि त्यावरचा त्याचा रास्त नफा कोठून तरी निघालाच पाहिजे, आणि तो शुल्काच्या रकान्यातून निघत नसेल, तर दराच्या रकान्यातून निघतो. बँकांची, कार्डांची आणि एटीएम यंत्रांची गोष्ट याहून निराळी नाही. म्हणून परदेशी जाणाऱ्या गृहस्थाने ‘शुल्क किती?’ हा प्रश्न विचारून समाधान मानू नये. ‘माझ्या खात्यातून एकंदर किती रुपये गेले आणि माझ्या हातात परकीय चलन किती पडले?’ हा प्रश्न विचारावा, पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागावे, आणि जो भाव येईल तो त्या दिवशीच्या मधल्या भावाशी ताडून पाहावा. पुढे जे काही सांगायचे आहे, ते सर्व या एका भागाकारातून निघते.

हा प्रकार आपल्याला नवा नाही. पेशवाईत आपल्याच मुलखात अंकुशी, चांदवडी अशी निरनिराळ्या टाकसाळींची नाणी एकाच वेळी चालत, आणि एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत खपवायचा तर सराफ त्यावर बट्टा कापून घेई. काशीयात्रेला निघालेला संपन्न गृहस्थ रोकड बरोबर बाळगण्यापेक्षा हुंडी नेणे पसंत करी आणि तिच्यावर हुंडणावळ भरी. फरक पडला तो इतकाच की सराफाशी समोरासमोर बसून घासाघीस करता येत असे, आणि आजचा बट्टा बँकेच्या दरपत्रकात बारीक टायपात छापलेला असतो व यंत्राच्या पडद्यावर क्षणभर चमकून जातो. ज्यांचे नाव एटीएमचे जनक म्हणून घेतले जाते, आणि ज्यांच्या कल्पनेतून १९६७ साली बार्कलेज बँकेने लंडनच्या एन्फील्ड भागात पहिले यंत्र बसविले, ते जॉन शेफर्ड-बॅरन हे आपल्याकडे शिलाँगला जन्मले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईत असे यंत्र यायला १९८७ साल उजाडावे लागले. आणि आता बँकॉकपासून ब्रिस्टलपर्यंत कोठेही आपले कार्ड सरकवले की नोटा हातात पडतात, ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा मोबदला आपण काय देतो, याची रुजवात घालण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही.

मधला भाव कसा समजावा? प्रत्येक चलनाचे दोन भाव असतात, एक विकण्याचा आणि एक विकत घेण्याचा. त्या दोहोंच्या मध्यावर जो आकडा बसतो, तो मोठ्या बँकांच्या आपसांतील व्यवहाराचा भाव होय. सामान्य गिऱ्हाइकाला तो कधीच मिळत नाही, परंतु मोजपट्टी म्हणून त्याच्यासारखे दुसरे साधन नाही. डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचे संदर्भदर आपल्याकडे कामकाजाच्या दर दिवशी प्रसिद्ध होतात; व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्याही आपापले रोजचे दर आपल्या संकेतस्थळांवर देतात, आणि ते मधल्या भावापासून फारसे दूर नसतात. काही ठिकाणी तर शोधाशोधही नको. दुबईचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, नेपाळचा रुपया १९९३ पासून आपल्या एका रुपयास १.६० या प्रमाणात चालतो, आणि भूतानचा न्गुल्त्रुम आपल्या रुपयाच्या बरोबरीचा आहे. हे आकडे पाठ असणाऱ्या प्रवाशाला दुबईच्या किंवा काठमांडूच्या दुकानदाराने सांगितलेल्या भावात किती पाणी आहे, ते उभ्या उभ्या कळते.

आता कार्डाचा हिशेब मांडू, आणि तो जरा सविस्तर मांडू, कारण पैशाची खरी गळती येथेच होते. आपल्या साध्या डेबिट कार्डाने परदेशातील एटीएममधून पैसे काढले, तर तीन निरनिराळे हात त्या रकमेला लागतात. पहिला हात त्या यंत्राच्या मालकाचा. थायलंडमध्ये बहुतेक यंत्रे परदेशी कार्डावर दर खेपेस २२० बाट किंवा त्याहून थोडे अधिक घेतात, मग तुम्ही हजार बाट काढा की दहा हजार. दुसरा हात आपल्या बँकेचा. ती परदेशातून रोकड काढण्याबद्दल दर खेपेस साधारणतः शंभर ते दीडशे रुपये आणि त्यावर जीएसटी लावते. तिसरा हातही आपल्या बँकेचाच, पण तो सहसा दिसत नाही. रुपयाचे परकीय चलनात रूपांतर करण्याबद्दल पुष्कळ बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप आकारतात, आणि त्या मार्कअपवर अठरा टक्के जीएसटी धरला की तो ४.१३ टक्के होतो.

हिशेबाच्या सोयीसाठी एक बाट म्हणजे अडीच रुपये धरू. दहा हजार बाट, म्हणजे मधल्या भावाने पंचवीस हजार रुपये, एकाच खेपेत काढले, तर यंत्राचे २२० बाट म्हणजे ५५० रुपये, बँकेचे सव्वाशे रुपये करासह १४७ रुपये ५० पैसे, आणि १०,२२० बाटांवरचा मार्कअप करासह सुमारे १,०५५ रुपये, असे सर्व मिळून साडेसतराशे रुपयांच्या घरात जातात. ही सात टक्क्यांची हुंडणावळ झाली. आता तेच दहा हजार बाट एखाद्या सावध माणसाने, जवळ जास्त रोकड नको म्हणून, दोन-दोन हजार करून पाच खेपांत काढले असे समजा. यंत्राला ११०० बाट, म्हणजे २,७५० रुपये. बँकेला सुमारे ७३७. मार्कअप सुमारे १,१४६. एकूण ४,६३३ रुपये, म्हणजे साडेअठरा टक्के! चोरीच्या भयाने थोडे थोडे पैसे काढणारा माणूस, चोराने कदाचित कधीच न नेलेली रक्कम स्वतःच्या हाताने यंत्रांना आणि बँकेला वाटून टाकतो. चार दिवसांची गरज आधी अजमावून मोठी रक्कम एकदाच काढावी, ती दोघा-तिघांत वाटून ठेवावी आणि उरलेली हॉटेलच्या तिजोरीत टाकावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. ब्रिटनमध्ये बँकांच्या भिंतीवरील बहुतेक यंत्रे स्वतःचे शुल्क घेत नाहीत, तेथे पहिला हात वाचतो. पण दुकानांत आणि मद्यगृहांत ठेवलेली खासगी यंत्रे घेतात, आणि तशी सूचना पडद्यावर देतात. यंत्र बँकेच्या इमारतीला लागून असेल तर ते निवडावे आणि पर्यटकांच्या गर्दीच्या चौकात एकटेच उभे असेल तर ते टाळावे, हा नियम बहुतेक देशांत उपयोगी पडतो.

दुसरी एक बारीक गोष्ट. शिल्लक किती आहे हे पाहण्यासाठी परदेशी यंत्रात कार्ड घातले तरी अनेक बँका वीस-पंचवीस रुपये लावतात, आणि शिल्लक अपुरी असल्याने व्यवहार नामंजूर झाला तर त्याचेही शुल्क वसूल करतात. शिल्लक मोबाइलवरील ॲपमध्ये फुकट दिसते. क्रेडिट कार्डाने रोकड काढण्याचे तर नावही काढू नये. तेथे अडीच टक्क्यांच्या आसपास वेगळे शुल्क, तेही किमान काही शे रुपये, आणि वर व्याज, जे बिलाच्या मुदतीची वाट न पाहता त्याच दिवसापासून सुरू होते. क्रेडिट कार्ड हे दुकानात बिल देण्यासाठी आहे, नोटा काढण्यासाठी नव्हे.

मार्कअप मुळातच न घेणारी डेबिट आणि क्रेडिट कार्डे आपल्याकडील काही बँका गेल्या काही वर्षांपासून देत आहेत, आणि वर्षाकाठी एकदा जरी परदेशी जाणे होत असले तरी असे एखादे कार्ड घरात असावे, असे मला वाटते. मात्र अर्ज करण्यापूर्वी वार्षिक वर्गणी किती, खात्यात किमान शिल्लक किती ठेवावी लागते आणि एटीएमचे ठोक शुल्कही माफ आहे की केवळ मार्कअपच, हे दरपत्रकात स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. शाखेतील कारकुनाच्या किंवा दूरध्वनीवरील गोड आवाजाच्या तोंडी आश्वासनावर इतबार ठेवू नये. ते बिचारे पुष्कळदा देशांतर्गत शुल्काविषयीच बोलत असतात.

यापुढची बाब सर्वांत फसवी. सिंगापूरच्या किंवा पॅरिसच्या दुकानात आपण कार्ड पुढे केले की त्या कार्डाच्या आरंभीच्या आकड्यांवरून यंत्राला ते भारतातले आहे हे कळते, आणि मग पडद्यावर मोठा आपुलकीचा प्रश्न उमटतो: रक्कम तेथल्या चलनात द्यायची की रुपयांत? घरापासून हजारो मैलांवर आपला रुपया दिसल्याने मन हरखते. रुपयांत किती गेले ते तत्क्षणी समजते, हाही एक दिलासा वाटतो. परंतु रुपयांचा पर्याय निवडला की रूपांतराचा भाव आपली बँक किंवा व्हिसा-मास्टरकार्ड ठरवीत नाही, तर त्या दुकानदाराची रूपांतर करणारी कंपनी ठरवते, आणि तिचा भाव मधल्या भावापेक्षा दोन-तीन टक्क्यांपासून दहा-बारा टक्क्यांपर्यंत महाग असू शकतो. त्यातला वाटा दुकानदारालाही मिळतो, म्हणून तो हा पर्याय इतक्या अगत्याने पुढे करतो. शिवाय व्यवहार रुपयांत झाला तरी तो परदेशी व्यापाऱ्याशी झाला, या सबबीवर आपल्याकडील अनेक बँका आपलेही शुल्क लावतातच. मार्कअप नसलेले कार्ड घेऊन गेलेला प्रवासीही येथे चुकीचे बटण दाबून आपला सारा लाभ घालवून बसतो.

तेव्हा नियम असा की ज्या देशात उभे असाल, त्या देशाच्याच चलनात द्यायचे. थायलंडमध्ये बाट, जपानमध्ये येन, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. एटीएमवर हा प्रश्न अधिक चलाखीने विचारला जातो. ‘रूपांतर मान्य’ आणि ‘रूपांतर अमान्य’ अशी दोन बटणे असतात, आणि दुसरे दाबले तर सगळा व्यवहारच रद्द होईल, अशी भीती वाटावी अशा बेताने मजकुराची मखलाशी केलेली असते. तसे काही होत नाही. ‘अमान्य’ दाबल्यावर नोटा येतात, फक्त रूपांतर आपल्या बँकेच्या भावाने होते. क्वचित यंत्र दुसऱ्यांदा, जरा वेगळ्या शब्दांत, तेच विचारते. दुसऱ्यांदाही नाहीच म्हणावे. दुकानदाराने न विचारता रुपयांत रक्कम टाकली आणि पावतीवर रुपयांचा आकडा छापून आला, तर सही करण्यापूर्वी किंवा पिन देण्यापूर्वी तो व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावे. निवड करण्याचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे, हे कार्ड कंपन्यांच्याच नियमांत आहे, आणि तो शांतपणे बजावल्यास सहसा कोणी वाद घालत नाही. हॉटेलांत मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते, कारण आगमनाच्या वेळी ज्या कागदावर आपण थकल्याभागल्या अवस्थेत सही करतो, त्यातच निघतेवेळी बिल कार्डाच्या चलनात करण्याची संमती कधी कधी दडलेली असते. हॉटेलची आणि भाड्याच्या मोटारीची अनामत डेबिट कार्डावर देऊ नये, हेही ओघाने सांगतो. ती रक्कम आपल्याच खात्यात अडकून राहते आणि मोकळी व्हायला कित्येक दिवस लागतात. क्रेडिट कार्डावर तीच अनामत केवळ मर्यादेतून वजा दिसते.

फॉरेक्स कार्डाविषयी दलालांच्या आणि सहल कंपन्यांच्या तोंडी जी स्तुती ऐकू येते, ती मी अर्धीच खरी मानतो. ज्या दिवशी कार्डात चलन भरले त्या दिवशीचा भाव पक्का होतो, पुढे रुपया घसरला तरी चिंता नाही, आणि त्याच चलनात खर्च केला तर मार्कअप लागत नाही, हे गुण खरे आहेत. पण भरतेवेळी जो भाव दिला जातो त्यातच विक्रेत्याचा नफा असतो. एटीएममधून काढताना बहुधा दोन डॉलरच्या आसपास शुल्क पडते. आणि डॉलर भरलेल्या कार्डाने व्हिएतनामच्या डाँगमध्ये किंवा इंडोनेशियाच्या रुपियात खर्च केला, तर चलनांतराबद्दल पुन्हा साडेतीन टक्क्यांपर्यंत कापले जातात. म्हणून अमेरिका, ब्रिटन, युरोप, दुबई, सिंगापूर येथे जाणाऱ्याने, दोन-तीन ठिकाणी एकाच तासात भाव विचारून, ते कार्ड घ्यायला हरकत नाही. ज्या देशाचे चलन कार्डात भरताच येत नाही, तेथे जाणाऱ्याने घेऊ नये. चलन खरेदीवर सरकारचा जीएसटी लागतो, त्याने मात्र घाबरून जाण्याचे कारण नाही. तो सर्व रकमेवर नसून तिच्या एका लहान अंशावर असतो. एक लाख रुपयांच्या चलनावर १८० रुपये, दोन लाखांवर २७०. पावतीत याहून फार मोठा आकडा कराच्या नावाखाली दिसला, तर खुलासा मागावा.

नोटांची गोष्ट थोडक्यात. थोडी रोकड बरोबर हवीच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार एका प्रवासास बहुतेक देशांसाठी तीन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, बाकीची रक्कम कार्डातून न्यावी लागते. नोटा विमानतळावर घेऊ नयेत, मग तो मुंबईचा असो की बँकॉकचा. तेथील गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाण्याची मुभा नसते, आणि भावही त्या हिशेबाने ठरतो. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी शहरातील बँकेत किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या नाणेबदलाकडे जावे आणि पावती जपून ठेवावी. ज्या देशाचे चलन आपल्याकडे चांगल्या भावाने मिळत नाही, तेथे डॉलर नेऊन शहरातील पेढीत बदलून घेणे पुष्कळदा परवडते. तेथे शंभराच्या नोटेला लहान नोटेपेक्षा अधिक भाव मिळतो, आणि मळकी, दुमडलेली किंवा पेनाची खूण असलेली नोट परत केली जाते. आपल्या पेढीवरच कोऱ्या नोटा निवडून घेण्यात संकोच करू नये.

यूपीआयची सोय आता नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती येथील काही दुकानांपर्यंत आणि पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटांपर्यंत पोचली आहे. परदेशी चलनाच्या ठिकाणी तिलाही रूपांतराचा भाव असतोच, आणि पिन टाकण्यापूर्वी तो पडद्यावर दिसतो. तेव्हा तो पाहावा, पटला तर द्यावे, न पटला तर कार्ड आहेच.

घर सोडण्यापूर्वीची एक तजवीज न केल्यास वरील सगळा विचार फुकट जातो. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या हुकुमानुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठीच चालू करून दिले जाते. परदेशातील वापर कार्डधारकाने स्वतः, ॲपमधून किंवा बँकेला कळवून, चालू करावा लागतो. एटीएम, दुकान आणि ऑनलाइन यांची कळ वेगवेगळी असते आणि प्रत्येकीची मर्यादाही वेगळी ठरवता येते. दोन निरनिराळ्या बँकांची कार्डे न्यावीत, एक पाकिटात, दुसरे सामानात. आणि बँकेला दिलेल्या क्रमांकाचे सिमकार्ड चालू राहील अशी व्यवस्था करावी, कारण ओटीपी तेथेच येतो. मुलाकडे न्यू जर्सीला किंवा मुलीकडे मेलबर्नला चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या ज्येष्ठ मंडळींची अडचण नेमकी याच ठिकाणी होते. रिचार्जची मुदत संपून सिम बंद पडते आणि पेन्शनचे खाते डोळ्यांसमोर असून हाती लागत नाही.

डेबिट आणि फॉरेक्स कार्डाचा परदेशातील खर्च परदेशी पैसे नेण्या-पाठविण्याच्या माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत धरला जातो, आणि १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपलीकडे गेलेल्या अशा रकमेवर वीस टक्के टीसीएस, म्हणजे उगमस्थानी गोळा होणारा कर, कापला जातो. हा खर्च नव्हे, तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो; पण तोवर पैसा अडकतो, आणि एकाच कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीची मर्यादा वेगळी असल्याने चौघांचा सगळा खर्च एकाच्याच नावे करण्याचे कारण नाही. प्रत्येकाने आपापल्या खात्यातून आणि आपल्या नावाने करावा.

परतल्यावर उरलेल्या नोटा घाईने विमानतळावर विकल्या तर दुसऱ्यांदा बट्टा बसतो. दोन हजार डॉलरपर्यंतचे चलन पुढील प्रवासासाठी घरी ठेवायला मुभा आहे. त्यावरचे १८० दिवसांच्या आत परत करावे लागते. नाणी येथे कोणी सहसा घेत नाही, ती तेथेच कॉफीत आणि वर्तमानपत्रांत संपवावीत. स्कॉटलंडच्या बँकांच्या नोटा ब्रिटनमध्ये चालतात, पण आपल्याकडील पेढीवर त्यांकडे संशयाने पाहिले जाते, म्हणून त्याही आधी खर्चून टाकाव्यात. एखाद्या यंत्राने खात्यातून रक्कम वजा केली पण नोटा दिल्या नाहीत, तर तेथली चिठ्ठी, वेळ आणि यंत्राचा क्रमांक टिपून त्याच दिवशी आपल्या बँकेकडे लेखी तक्रार नोंदवावी. आणि कार्डाचे पुढचे खातेपत्रक आल्यावर, घरातल्या पावत्या शेजारी मांडून, एकेका ओळीची रुजवात घालावी, कारण कित्येक व्यवहार आठ-दहा दिवसांनी, वेगळ्या भावाने आणि वेगळ्या नावाने उमटतात.